वजनदार तारे, त्यांचे जोडीदार आणि त्यांचा शेवट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपुढच्या रांगेत आणि नंतर चहाच्या घोटाबरोबर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींचं उत्तर एका ओळीत संपतं, तर काहींवर लोकांनी आख्खं आयुष्य घालवलं आहे. त्यामुळे उत्तरं लहानमोठी झाली आहेत, चालवून घ्या.

आपला सूर्य कधी फुटणार?

फुटणार नाही. तेवढं वजनच नाही त्याच्यात. आणखी सुमारे पाच अब्ज वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बाहेरचे थर सावकाश सोडून देईल आणि मागे पृथ्वीएवढा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेला घट्ट गाभा, उरेल.

मग ‘वजनदार’ म्हणायला तारा केवढा लागतो?

सूर्याच्या साधारण आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाचा. ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. ताऱ्याची घडण, त्याचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग आणि मुख्य म्हणजे शेजारी जोडीदार आहे की नाही, यावर ती मागेपुढे सरकते. असे तारे जन्मतात थोडे आणि जगतात उधळ्यासारखे. सूर्य दहा अब्ज वर्षं पुरवून खाणारा. त्याच्या पंचवीसपट वजनाचा तारा सगळा हायड्रोजन सत्तर लाख वर्षांत फस्त करतो.

तारा फुटतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

ताऱ्याच्या पोटात दोन जोरांची रस्सीखेच कायम चालू असते. गुरुत्वाकर्षण सगळं आत खेचतं आणि गाभ्यातल्या अणुसंमीलनाची (हलकी अणुकेंद्रकं जुळून जड होण्याची) उष्णता बाहेर ढकलते. हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, आणखी तापतो आणि हेलियम पेटतं. ते संपलं की कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. प्रत्येक नवं इंधन आधीच्यापेक्षा कमी पुरतं. पंचवीस सूर्यांएवढ्या ताऱ्यात हेलियम पाच-सात लाख वर्षं चालतं, कार्बन सुमारे सहाशे वर्षं, निऑन एक वर्ष, ऑक्सिजन सहा महिने, आणि सिलिकॉन? एक दिवस! बाहेरून पाहणाऱ्याला या शेवटच्या धावपळीचा बहुधा पत्ताही लागत नाही, कारण वरचे थर इतके विस्तीर्ण असतात की आतली बातमी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

सिलिकॉन जळून लोखंड उरतं आणि तिथे गाडी अडते. लोखंडाची अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. आता गाभ्याला आधार फक्त इलेक्ट्रॉनांच्या दाबाचा, आणि त्या आधारालाही मर्यादा आहे : सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान. ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची. १९३० च्या जुलैअखेर मुंबई बंदरातून ते शिकायला इंग्लंडला निघाले. वय एकोणीस. बोटीवरच्या त्या दिवसांत त्यांनी श्वेत बटूंच्या (त्यांनाही हाच आधार असतो) गणितात सापेक्षतावाद घातला आणि ही मर्यादा समोर आली. १९३५ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनसारख्या दिग्गजाने भर सभेत ती कल्पना उडवून लावली. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

लोखंडाच्या गाभ्याने ही मर्यादा ओलांडली की तो सेकंदाच्याही आत कोसळतो. काही हजार किलोमीटर व्यासाचा गोळा पंचवीस-एक किलोमीटरचा होतो आणि न्यूट्रॉन ताऱ्याचा, म्हणजे जवळजवळ नुसत्या न्यूट्रॉनांच्या गच्च गोळ्याचा, जन्म होतो. वरून कोसळणारा माल या टणक गोळ्यावर आपटून उसळतो आणि एक धक्कालहर बाहेर निघते. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथेच संपते, पण खरी अडचण पुढे आहे. ही लहर काहीशे किलोमीटरांतच दमते आणि थांबते. वरून माल कोसळतच असतो. मग स्फोट होतो कसा?

आज बहुतेकांचा कौल न्यूट्रिनोंना आहे, म्हणजे कशालाही सहसा न अडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना. नव्या न्यूट्रॉन ताऱ्यातून इतके न्यूट्रिनो बाहेर पडतात की त्यांतले अगदी थोडे जरी वाटेत अडले तरी लहरीखालचा माल तापतो आणि खालून आच लागलेल्या दुधासारखा खदखदायला लागतो. या खदखदीमुळे लहर पुन्हा उचलली जाते. संगणकावर तारा गोल आणि सगळीकडून सारखा धरला तर तो सहसा फुटतच नाही. तिन्ही मितींत ही खदखद मोकळी सोडली तेव्हाच गणितातले तारे फुटू लागले. कित्येक दशकं लोकांची चिकाटी पाहणारा हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, असं माझं मत.

हे न्यूट्रिनोंचं कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

हो, एकदाच. २३ फेब्रुवारी १९८७. मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेत, आपल्यापासून सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर एक तारा फुटला. प्रकाश दिसण्याच्या दोन-तीन तास आधी जपानमधल्या कामिओकांदे, अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीतल्या आयएमबी आणि कॉकेशसमधल्या बक्सान या तीन उपकरणांत मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो नोंदले गेले. संख्या हसू येईल इतकी लहान. पण त्यावरून ठरलं की गाभा खरंच कोसळतो आणि स्फोटाची सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. आपल्या डोळ्यांना दिपवणारा प्रकाश हा त्या ऊर्जेतला चिल्लर हिस्सा.

या स्फोटाने, म्हणजे एसएन १९८७ए ने, आणखी एक कोडं घातलं. वजनदार तारे तांबडे महाराक्षसी होऊन फुटतात अशी सगळ्यांची खात्री होती, आणि जुन्या छायाचित्रांत त्या जागी सापडला निळा महाराक्षसी तारा. भोवती वायूची तीन कडी, स्फोटाच्या सुमारे वीस हजार वर्षं आधी फेकलेली. याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं की तो मुळात एक तारा नव्हताच. दोन तारे होते, ते एकमेकांत विरघळले आणि त्या झटापटीत ही कडी उधळली गेली. इथपासून गोष्ट जोडताऱ्यांकडे वळते.

जोडतारे एवढे महत्त्वाचे का? ते तर अपवाद असतील ना?

हाच गैरसमज सर्वांत जास्त ऐकू येतो. आपला सूर्य एकटा, म्हणून एकटेपणा हाच नियम असं वाटतं. वजनदार ताऱ्यांच्या दुनियेत नेमकं उलटं आहे. २०१२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ साना आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या अतिविशाल दुर्बिणीने ‘ओ’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत तप्त आणि जड ताऱ्यांच्या वर्णपटांचा (प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यांचा) अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा : यांतल्या ७० टक्क्यांहून जास्त ताऱ्यांची आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवघेव होते, आणि अशांपैकी सुमारे एक तृतीयांश जोडीदारात मिसळूनच जातात.

जन्माच्या वेळचं वजन कळलं की ताऱ्याचं पुढचं सगळं सांगता येतं, असं आम्ही शाळकरी पुस्तकांत वाचलं होतं. सूर्यासारख्यांना ते लागू पडतं. पण जड ताऱ्याची पत्रिका मांडायची तर आधी विचारावं लागतं : शेजारी कोण आहे आणि किती जवळ?

एका ताऱ्याचं वस्तुमान दुसऱ्याकडे जातं तरी कसं?

जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याभोवती गुरुत्वाकर्षणाची एक हद्द असते, थेंबाच्या आकाराची. दोन्ही थेंबांची टोकं एका बिंदूत भेटतात. जड तारा आधी म्हातारा होतो, फुगतो आणि आपली हद्द भरून टाकतो. मग त्या बिंदूतून त्याचा वायू जोडीदाराकडे वाहू लागतो, शेताचा बांध फुटून पाणी शेजारच्या वावरात जावं तसा.

याचं उदाहरण साध्या डोळ्यांनी दिसतं : ययाती तारकासमूहातला अल्गोल. दर दोन दिवस एकवीस तासांनी तो मंदावतो. एक तारा दुसऱ्याला झाकत असावा, हे १७८३ मध्ये जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने सुचवलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढे ताऱ्यांची वजनं कळली तेव्हा शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. फुगलेला, म्हातारा तारा वजनाने हलका आणि तरुण दिसणारा तारा जड! जड तारा आधी म्हातारा होतो हा नियमच मोडला की. उत्तर तेच : आजचा हलका तारा एकेकाळी जड होता आणि त्याने आपलं बहुतेक वस्तुमान जोडीदाराला देऊन टाकलं. घेणारा त्यामुळे खरोखर ‘तरुण’ झाला, कारण त्याच्या गाभ्यात नवं इंधन मिसळलं.

आपल्याकडे हा तारकासमूह ययातीच्या नावाने ओळखला जातो, हा योगायोगच. मुलाचं तारुण्य मागून घेणाऱ्या राजाच्या नावाखाली हीच देवघेव चाललेली आहे, हे लक्षात आलं त्या रात्री मी एकटाच हसत बसलो होतो.

ताऱ्याने वस्तुमान गमावलं तर त्याचा स्फोट वेगळा दिसतो का?

अगदी वेगळा. सुपरनोव्हांचे, म्हणजे ताऱ्यांच्या या स्फोटांचे, प्रकार मुळात वर्णपट पाहून पाडले. हायड्रोजन दिसला तर टाइप दोन, नाही दिसला तर टाइप एक. गाभा कोसळून होणाऱ्या स्फोटांतही काहींत हायड्रोजन नसतो (एक-बी), काहींत हेलियमही नसतं (एक-सी). जणू कांद्याची वरची सालं कुणी आधीच काढून ठेवली. पूर्वी वाटायचं की हे काम ताऱ्याच्या स्वतःच्या वाऱ्यांचं असावं. अतिजड ताऱ्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण असे सालं गेलेले स्फोट इतके जास्त आहेत की फक्त वाऱ्यांवर हिशेब जुळत नाही. जोडीदार धरला की जुळतो.

मधला प्रकारही आहे : दोन-बी. सुरुवातीला थोडा हायड्रोजन दिसतो आणि मग गायब होतो, म्हणजे अंगावर शेवटचं पातळ पांघरूण राहिलेलं. १९९३ मध्ये एम ८१ या दीर्घिकेत असा स्फोट झाला. अकरा वर्षांनी, उजेड ओसरल्यावर, त्याच जागी मागे उरलेला जोडीदार तारा सापडल्याचं जाहीर झालं. चोर पळाला, पण ठसे राहिले.

एका दुव्याची मात्र बरीच वर्षं वाट पाहावी लागली. जोडीदाराने सालं काढलेले, पण अजून न फुटलेले हेलियमचे तारे भरपूर असायला हवे होते आणि कुठे दिसत नव्हते. २०२३ च्या अखेरीस दोन्ही मॅगेलन मेघांत अतिनील प्रकाशाच्या मदतीने असे पंचवीस तारे शोधल्याचं प्रसिद्ध झालं.

टाइप एक-ए मात्र वेगळ्याच घराण्यातला. तिथे गाभा कोसळत नाही, श्वेत बटू अणुबाँबसारखा पेटून संपूर्ण उधळतो. जोडीदार तिथेही लागतोच. तो साधा तारा असतो की दुसरा श्वेत बटू, यावर वाद चालू आहे.

दोन तारे एकमेकांत मिसळताना कोणी पाहिलेत?

वृश्चिकेत, २००८ साली. व्ही१३०९ स्कॉर्पाय नावाचा मंद तारा एकदम भडकला. त्या भागाची छायाचित्रं पोलंडचा ओगल हा प्रकल्प आधीपासून घेत होता. जुनी नोंद काढल्यावर दिसलं की ते सुमारे १.४ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे होते आणि तो काळ वर्षागणिक घटत गेला होता. भडक्यानंतर जोडी नाही, एकच तारा. चक्क पुरावा कपाटात पडून होता.

स्फोट झाल्यावर बिचाऱ्या जोडीदाराचं काय?

बहुतेक वेळा ताटातूट. फुटणारा तारा अचानक हलका होतो, शिवाय नव्या न्यूट्रॉन ताऱ्याला स्फोटाचा तिरपा धक्का बसून तो सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगाने सुटतो. मग जोडीदार गोफणीतून सुटल्यासारखा निघून जातो. भुजंगधारीतला झीटा तारा असाच एकटा पळत सुटलेला आहे. वाटेतला वायू ढकलत तो पुढे धनुष्याच्या आकाराची लाट उठवतो. अवरक्त प्रकाशातलं त्याचं छायाचित्र जरूर शोधून पाहा.

जोडी टिकलीच, तर पुढचा अंक गुरुत्वीय लहरींचा.

गुरुत्वीय लहरींचा याच्याशी काय संबंध?

जड वस्तू एकमेकींभोवती फिरताना अवकाशातच उठणारे तरंग म्हणजे गुरुत्वीय लहरी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या उपकरणाने पहिल्यांदा टिपलेली लहर सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाल्याची होती. लगेच विचारलं गेलं : ही दोघं इतकी जवळ आली कशी? त्यांचे मूळ तारे तेवढ्या अंतरावर मावलेच नसते. एक मार्ग असा सांगतात की म्हातारा तारा फुगून जोडीदाराला पोटात घेतो, दोघं एका सामाईक आवरणात फिरत जवळ सरकतात आणि आवरण उडून जातं. हा टप्पा फार थोडा काळ टिकतो आणि गणितात पकडायला महाकठीण. दुसरा मार्ग दाट तारकागुच्छांतला : तिथल्या गर्दीत जोड्या नंतर जमतात. दोन्ही मार्ग खरे असावेत.

न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी एकत्र आलेली १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपली गेली. लहरीनंतर पावणेदोन सेकंदांत गॅमा किरणांचा झोत आला, आणि उरलेल्या उजेडात जड मूलद्रव्यं घडत असल्याच्या खुणा सापडल्या. तुमच्या अंगठीतल्या सोन्याचा निदान काही भाग अशा टकरींतून आलेला असणार.

प्रत्येक वजनदार तारा फुटतोच का?

नाही, आणि हा भाग मला सर्वांत चक्रावणारा वाटतो. काही तारे गाजावाजा न करता थेट कृष्णविवर होत असावेत. एनजीसी ६९४६ या दीर्घिकेतला सुमारे पंचवीस सूर्यांएवढा तारा २००९ मध्ये थोडा उजळला आणि मग दृश्य प्रकाशातून नाहीसाच झाला. तो मेलाय की धुळीआड लपलाय, यावर अवकाशातल्या वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतरही एकमत नाही.

जास्त भरवशाचा साक्षीदार एक जोडीच आहे. मोठ्या मॅगेलन मेघातल्या टॅरंट्युला तेजोमेघात एक जड तारा एका न दिसणाऱ्या कृष्णविवराभोवती सुमारे साडेदहा दिवसांत फेरी मारतो, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. त्याची कक्षा जवळजवळ गोल आहे. जोरदार स्फोट झाला असता तर कक्षा लांबुळकी झाली असती. म्हणजे तारा मिटला, पण जोडीदाराला धक्काही लागला नाही.

काक्षी कधी फुटणार? आणि आपल्याला धोका?

काक्षी, म्हणजे मृगाच्या चार पायांपैकी तो तांबूस तारा. अनेकजण त्यालाच आर्द्रा म्हणतात. २०१९ च्या अखेरीस तो इतका मंदावला की ‘आता फुटणार’ म्हणून फोन आले. कारण निघालं धूळ : ताऱ्याने वायूचा लोट फेकला, तो थंडावून धूळ झाली आणि ती आपल्या आड आली. गाभ्यात बहुधा अजून हेलियम जळतंय, तेव्हा स्फोटाला एक लाख वर्षंही लागतील. फुटला तर दिवसाही दिसेल. साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षांवरून त्रास काही नाही. धोक्याची हद्द काही डझन प्रकाशवर्षांची आहे आणि तेवढ्यात असा तारा नाही.

काक्षीचीही जोडी निघाली, बरं का. दर सहा वर्षांच्या त्याच्या चढउतारांवरून जवळच एक छोटा सोबती असावा असं भाकीत झालं होतं. २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने त्याची बहुधा झलक टिपली.

चैत्राला नाव देणारी चित्राही जोडी आहे. दोन निळसर, जड तारे फक्त चार दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. थोरला सूर्याच्या दहा-अकरा पट, म्हणजे फुटायच्या यादीतला. पण इतक्या जवळच्या जोडीत तो आधी धाकट्याला काय काय देऊन बसेल, यावर सगळं अवलंबून. माझ्या मते काक्षीपेक्षा ही गोष्ट जास्त रंगतदार आहे, पण तिच्याबद्दल कुणी फोन करत नाही.

लाखो वर्षांच्या गोष्टींचा अभ्यास माणसं करतात तरी कसा?

एका झाडाला वाढताना पाहायला वेळ नसेल तर जंगलात जावं : रोपं, झाडं, वठलेले बुंधे सगळे एकाच दिवशी दिसतात. दुर्बिणी रोज रात्री आकाश चाळून नवे स्फोट शोधतात. जोडीला संगणकावरचे तारे. त्यासाठी ‘मेसा’ ही मोफत, कुणालाही वापरता येणारी प्रणाली आहे. तिचे मुख्य कर्ते बिल पॅक्स्टन आधी अडोबी कंपनीत पोस्टस्क्रिप्टवर काम करायचे. छापखान्याच्या भाषेतून ताऱ्यांच्या पोटात!

महाराष्ट्रात यावर काम होतं?

होतं, आणि एक तर अगदी शेतांच्या मधोमध. नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. सुपरनोव्हाची धक्कालहर ताऱ्याने आधी सोडलेल्या वायूवर आदळते तेव्हा रेडिओ लहरी निघतात. लहर सेकंदाला दहा हजार किलोमीटर धावते, तांबड्या महाराक्षसीचा वारा मात्र दहाच. म्हणजे स्फोटानंतरचं एक वर्षभर ऐकलं की ताऱ्याच्या मरणाआधीच्या हजार वर्षांची डायरी वाचता येते. पुण्याची आयुका आणि एनसीआरए, मुंबईची टीआयएफआर आणि आयआयटी इथे अशा विषयांवर संशोधन चालतं. लडाखमधल्या हानले इथली ग्रोथ-इंडिया दुर्बीण आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

मी हौशी आहे. मला काय करता येईल?

सप्तर्षीच्या दिशेतल्या एम १०१ दीर्घिकेतला २०२३ चा गाजलेला सुपरनोव्हा कोइची इतागाकी या जपानी हौशी निरीक्षकाने शोधला होता, त्यामुळे ‘हौशी’ शब्दाने बिचकू नका. पण सुरुवात अल्गोलपासून करा, दुर्बीणही लागत नाही. दिवाळीनंतर संध्याकाळी ईशान्येला शर्मिष्ठेचा इंग्रजी एम सापडला की त्याच्या खाली ययाती. आजूबाजूच्या ताऱ्यांशी तुलना करून अल्गोल किती तेजस्वी वाटतो ते रोज वेळेसह वहीत लिहा. पहिले काही दिवस काहीच घडत नाही असं वाटेल, कारण मंदावणं फक्त दहा तासांचं आणि त्यातलं निम्मं आपल्या दिवसात जातं. मग एका रात्री जेवण करून बाहेर याल आणि तो शेजाऱ्यांपेक्षा फिका दिसेल. ती वेळ लिहून ठेवा आणि त्यात दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटं मिळवा.